वाटाण्याच्या अक्षता

माझ्या गावाचं नाव कळस. तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. परगावी कुणी गाव विचारलं आणि मी 'कळस' म्हणालो, की माणूस एकदा तरी मान वर करून बघतो. जणू मी कुठल्यातरी देवळाच्या शेंड्यावरून नुकताच खाली उतरलोय. सासुरवाडीला तर या नावानं माझं फार नुकसान केलंय. लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली, पण पंगतीत माझ्या हातून आमटीची वाटी कलंडली तरी मेव्हणे एकमेकांकडं बघून म्हणतात, "आता मात्र कळस झाला."

गेल्या पौषात तो खरोखरच झाला. निजताना धड असलेला उजव्या पायाचा अंगठा पहाटे वांग्यासारखा दिसायला लागला. रंगानंसुद्धा. गोधडीचं टोक लागलं तरी तोंडातून नको ते शब्द यायला लागले. मी निवृत्त मास्तर. हे शब्द इतकी वर्षं मी फक्त मुलांच्या वह्यांच्या शेवटच्या पानावर वाचले होते. बारामतीला नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, युरिक ॲसिड वाढलंय म्हणाले, गोळ्या दिल्या आणि एक छापील कागद हातात ठेवला. वर ठळक अक्षरांत 'काय खाऊ नये', खाली यादी. कलेजी, मटण, मासे (म्हणजे भिगवणचा रस्ता बंद), मग डाळी, पालक, फ्लॉवर, आणि अगदी तळाला, वर्गात मागच्या बाकावर बसवलेल्या पोरासारखा, वाटाणा. सुजेला बर्फाचा शेक द्या, असंही सांगितलं.

आमच्या फ्रीजमधला बर्फाचा साचा कधीच फुटलाय. पण वरच्या खणात, मुलानं पुण्याहून येताना आणलेली गोठवलेल्या मटारची पिशवी होती. आमच्या हिनं ती टॉवेलात गुंडाळली आणि माझ्या अंगठ्यावर ठेवली. सांगायला हरकत नाही, फार उत्तम बसली. बर्फाचा खडा एकाच जागी टोचतो. वाटाण्याचे दाणे सरकून सरकून अंगठ्याला चहूबाजूंनी धरतात, एखाद्या शहाण्या माणसानं हात हातात घ्यावा तसे. मी पलंगावर, पाय उशीवर, पायावर अर्धा किलो वाटाणा आणि हातात 'वाटाणा खाऊ नये' असा कागद. असा पंधरा मिनिटं पडून राहिलो असताना माझ्या लक्षात आलं, की या भाजीचं आणि माझं जन्मापासून हे असंच चाललंय.

लहानपणी मला वाटायचं, वाटाण्याच्या अक्षता हा लग्नातला एखादा विधी असणार. वडील संध्याकाळी तालुक्याहून परत यायचे, टोपी खुंटीला अडकवायचे आणि म्हणायचे, "लावल्या वाटाण्याच्या अक्षता!" मी त्यांच्या कपाळाकडं बघायचो. तिथं काहीच नसायचं. पुढं उमगलं, की काहीच नसणं हाच त्या अक्षतांचा अर्थ. औक्षणाच्या वेळी कपाळावर ओलं कुंकू लावतात, त्यावर तांदळाचे दाणे टेकवतात, ते चिकटतात. तांदूळ हलका, लांबट, जरा खरखरीत. त्याच्या जागी वाटाणा लावला तर? गोल, गुळगुळीत, वजनदार. लावल्यासारखं होतं आणि कपाळावर राहत काही नाही. टपकन खाली पडतो आणि घरंगळत उंबऱ्याबाहेर जातो. तोंडावर 'नाही' न म्हणता, हसून, मानपान करून माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवायचं, याला इतका चपखल शब्द मला तरी दुसरा माहीत नाही. मी हा अर्थ असा लावतो. भाषेच्या जाणकारांचं काही वेगळं म्हणणं असेल तर त्यांनी मला खुशाल त्याच अक्षता लावाव्यात.

मला त्या पहिल्यांदा लागल्या त्या अगदी शब्दशः. जानेवारीचा महिना, मुलगी बघायला गेलो होतो. कांदेपोहे आले. त्या घरी जरा हौस असावी, कारण पोह्यांत मटार होते. मुलीकडं बघायचा धीर होईना म्हणून मी बशीकडं बघत बसलो आणि दाणे मोजले. अकरा निघाले. आठवड्यानं निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पुढं विहिरीवरच्या पंपाच्या वीजजोडणीसाठी एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या, तिथंही साहेबांनी चहा पाजून दरवेळी नवा कागद मागितला. तिथं मात्र मोजायला पोहे नव्हते.

आमच्या शिवारात वाटाणा फारसा नव्हताच. हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. पाणी पोचलं तिथं ऊस, कुठं डाळिंब, नाही पोचलं तिथं ज्वारी-बाजरी आणि आभाळाकडं बघणं. वाटाण्याचा स्वभाव थंड हवेतला. ऊन जरा चढलं की फुलं गाळतो, शेंगा धरल्याच तर त्या भरत नाहीत. बारामतीजवळ माळेगावला २००९ पासून केंद्र सरकारची एक मोठी संशोधन संस्था आहे, राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था. दुष्काळ, उष्णता, खारी जमीन यांनी पिकांची जी तारांबळ उडते तिचा तिथं अभ्यास होतो. पण पाटीवर 'ताण व्यवस्थापन' वाचून आमच्या भावकीतले एक गृहस्थ ब्लडप्रेशरची फाइल घेऊन फाटकापर्यंत जाऊन आले. पहारेकऱ्यानं त्यांना समजावलं, काका, इथं झाडांचा ताण बघतात. ते म्हणाले, मग माझ्या उसाचा बघा, त्याच्यामुळंच हे झालंय.

वाटाणा आमच्या घरी यायचा तो थोरल्या आत्याकडून. तिला पुरंदरात, दिवे घाटाच्या वर दिली होती. तो वाटाण्याचा खरा मुलूख. बाकी देशात बहुतेक ठिकाणी वाटाणा म्हणजे थंडीचं पीक; जबलपूर, उत्तर प्रदेश, पंजाबकडचा माल येतो तो हिवाळ्यात. पुरंदरची हवा अशी, की तिथं तो खरिपात येतो. मृगाच्या पावसावर पेरायचा, दोनेक महिन्यांत पहिला तोडा. श्रावण-भाद्रपदात, जेव्हा इतरत्र हिरवी शेंग क्वचितच दिसते, तेव्हा सासवडच्या बाजारात गोण्यांच्या थप्प्या लागतात. म्हणून भावही बरा मिळतो. म्हणजे पाऊस वेळेवर उघडला, भुरी पडली नाही आणि अळीनं शेंग पोखरली नाही, तर मिळतो. आत्याचे यजमान म्हणायचे, वाटाण्याचे पैसे पट्टी हातात येईपर्यंत पाहुण्यासारखे समजावेत.

राखीपौर्णिमेच्या आसपास आत्या एसटीच्या टपावरून एक गोणी पाठवायची. सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती, तिथं गाडी बदलून आमच्याकडं. गोणी उतरवली की वडील आधी शिवण उसवायचे आणि म्हणायचे, हात घाल. मी कोपरापर्यंत हात घालायचो. आत चक्क ऊब असायची, नुकत्या उठलेल्या माणसाच्या अंथरुणासारखी. मला वाटायचं आत्यानं प्रेमानं पाठवलंय म्हणून असेल. फार वर्षांनी, सातवीला विज्ञान शिकवताना कळलं, की तोडलेली शेंग मेलेली नसते. तिचा श्वास चालूच असतो, आणि वाटाण्याचा श्वास तर भलताच जोरात. दाट कोंबलेल्या गोणीत त्या श्वासाची उष्णता साठते. श्वासाला जळण लागतं, ते दाण्यातल्या साखरेचं. शिवाय उरलेल्या साखरेचा दाण्यातच भराभर पिष्ट होत जातो. म्हणून रानात उभ्यानं सोलून खाल्लेला दाणा पेढ्यासारखा लागतो आणि तोच दोन दिवसांनी बाजारात पिठूळ. आत्याच्या गोणीतला गोडवा वाटेतच, मोरगावच्या आसपास कुठंतरी संपत असणार. आम्हाला तो तरीही गोडच लागायचा.

मग सोलण्याचा समारंभ. ओसरीवर पोतं अंथरायचं, मधोमध शेंगांचा ढीग, भोवती आजी, आई, चुलत्या, आम्ही पोरं. शेंगेच्या पोटावर अंगठ्यानं दाब द्यायचा, ती 'टप्' करून उघडते. मग अंगठा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं सरकवला की दाणे एका रांगेत परातीत. काठाकडचे बारके, मधले टपोरे, आणि एखादा मध्येच न वाढलेला, भावंडांत दबलेल्या पोरासारखा चपटा. पहिले पाच-दहा दाणे परातीत पडताना टणटण वाजायचे. नंतर ढीग वाढला की आवाज बंद. आजी डोळे मिटून सोलायची, पण कान उघडे. तिच्या लक्षात यायचं, की अमुक बाजूनं बराच वेळ टण आलेला नाही. "आरं, परातीत बी टाक की चार! का समदं वटाणं तुझ्याच प्वाटात सोलतूस?" तसंही किलोभर शेंगांतून दाणे अर्धा किलोच्या आतच निघतात, आमच्या घरी पोरांची घट धरून आणखी कमी. टरफलं गाईपुढं जायची. गाय ती इतक्या एकाग्रतेनं खायची, की मला शंका यायची, खरा माल टरफलातच असावा.

हा शब्दही एक गंमतच आहे. आमच्याकडं तो वाटाणा, बोलताना वटाणा. पुण्यात तो मटार होतो. शिकरण आणि मटारची उसळ म्हणजे पुणेरी चैनीची हद्द, अशी थट्टा करायची रीतच आहे. मुलगा पुण्यात नोकरीला लागला आणि दोन महिन्यांत त्याच्या वटाण्याचा मटार झाला. सून आली ती गोठवलेल्या पिशवीसकट. मालवणात तो काळा असतो आणि नारळाच्या वाटणात उतरतो. रगड्याच्या गाडीवर पांढरा. वाण्याकडं वाळका हिरवा. या शेवटच्याबद्दल एक सांगायला हवं. एकदा सुटा वाळका हिरवा वाटाणा आणून भिजत घातला. अर्ध्या तासानं पाहतो तर पातेल्यातलं पाणी हिरवंगार. ही म्हणाली, "अगंबाई, जीवनसत्त्वं उतरली सगळी!" पाणी टाकू नका, आमटीत घालू, असा बेत होता. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं घरच्या घरी भेसळ ओळखायच्या ज्या युक्त्या सांगितल्या आहेत त्यांत नेमकी हीच आहे: वाटाणा पाण्यात घाला, अर्धा तास थांबा, पाण्याला रंग सुटला तर तो रंग वाटाण्याचा नव्हे. जीवनसत्त्वांना इतका भडक कपडा घालून हिंडायची सवय नसते.

मग असतं तरी काय त्यात? पलंगावर पडल्या पडल्या मी याचा छडा लावायचं ठरवलं. निवृत्त मास्तराला पाय हलवता येत नसला की तो दुसऱ्यांचा अभ्यास घेतो. आमची पुतणी आहारशास्त्र शिकलेली. तिला फोन लावला.

शंभर ग्रॅम ताजे दाणे म्हणजे साधारण दोन मुठी. त्यात उष्मांक ऐंशीच्या आसपास, म्हणजे एका मोठ्या पोळीपेक्षाही कमीच. प्रथिनं पाच ग्रॅमच्या वर, जवळपास एका अंड्याइतकी. "काका, भाज्यांत हा श्रीमंत," ती म्हणाली. मी म्हणालो, तो भाजीत शिरलेला कडधान्याचा पोरगा आहे, श्रीमंत असणारच. हरभरा, तूर, मसूर हे सगळे त्याचे भाऊबंद. भावकीची खूणही तीच: मुळावर गाठी, त्यात जिवाणू, ते हवेतला नत्र धरून झाडाला देतात. खताचा खर्च घरातच. चोथाही पाचेक ग्रॅम असतो, त्यामुळं पोट साफ आणि जेवणानंतर रक्तातली साखर धाडकन न चढता पायरी पायरीनं चढते. हे ऐकून मी सावरून बसलो. आमच्या पंचक्रोशीत ऊस शिवारात उभा आहे आणि साखर माणसांच्या रक्तात. चाळीस मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आहे, पण ते कच्च्या किंवा जेमतेम वाफवलेल्या दाण्यात. रटरटा शिजवलं की त्यातलं बरंच पाण्यात जातं. म्हणजे ओसरीवर बसून मी जे परातीऐवजी तोंडात टाकत होतो तोच खरा पौष्टिक आहार होता. आजी असती तर तिला हे सांगितलं असतं. तिनं ऐकून घेतलं नसतं, पण सांगितलं असतं.

फोलेट आहे, ते गरोदर बायकांना लागतं. क जीवनसत्त्वाइतकं न मिरवणारं के जीवनसत्त्व आहे, ते रक्त गोठायला. आणि ल्युटिन नावाचं एक पिवळं द्रव्य आहे, ते आपल्या डोळ्यातल्या पडद्याच्या मध्यभागी, जिथं नजर सगळ्यांत तीक्ष्ण तिथंच, साठून राहतं. मी चष्मा पुसला.

सगळ्यांत आवडली ती भाकरीची गोष्ट. बाजरी-ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी पडतो. वाटाण्यात तो मुबलक. उलट वाटाण्यात मिथिओनिन कमी, ते धान्यात असतं. दोन्ही एका ताटात आले की एकाचं उणं दुसरा भरून काढतो. उसळ आणि भाकरी. आमच्या आजीला लायसिन म्हणजे कुणी इंग्रज साहेब वाटला असता, पण तिनं उसळ कधी भाकरीशिवाय वाढली नाही.

दोष नाहीत असं नाही. वाटाणा वातूळ. त्यातल्या काही साखरा लहान आतड्याला फोडताच येत नाहीत. त्या तशाच मोठ्या आतड्यात जातात, तिथले जिवाणू त्यांच्यावर तुटून पडतात आणि या मेजवानीचा जो वायू होतो तो तुमच्या नावावर जमा होतो. म्हणून उसळीत आलं-हिंग पडलंच पाहिजे. शाळेत असताना, मटारच्या दिवसांत, दुपारच्या तासाला मी सातवीच्या खिडक्या उघड्या ठेवायला सांगायचो. मुलांना वाटायचं मास्तरांना हवा आवडते.

"आणि माझा अंगठा?" मी शेवटी मुद्द्यावर आलो.

ती हसली. म्हणाली, प्युरीन नावाच्या द्रव्यापासून युरिक ॲसिड होतं आणि वाटाण्यात प्युरीन बऱ्यापैकी असतं, म्हणून तो यादीत. जुनी समजूत. पण अमेरिकेत ४७,१५० पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मटण आणि मासे जास्त खाणाऱ्यांत हा आजार वाढलेला दिसला. वाटाणा, पालक, डाळी असल्या प्युरीनवाल्या भाज्या खाणाऱ्यांत वाढलेला दिसला नाही. "सूज उतरेपर्यंत जरा दमानं घ्या, औषध चालू ठेवा, आणि डॉक्टरांना विचारून खा." मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कागद फार जुना आहे, बदलायला हवा. आणि माझ्यादेखत त्यांनी त्याच जुन्या गठ्ठ्यातला एक पुढच्या पेशंटला दिला.

तोवर भोगी आली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आमच्याकडं तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी: वांगं, गाजर, पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, बोरं, सगळं एकात. डॉक्टरांचा कागद आणि भोगीची कढई समोरासमोर ठेवली तर निम्मी नावं जुळत होती. मी विचारल्यासारखं केलं, करायची का यंदा? हिनं फक्त म्हण टाकली, "न खाई भोगी, तो सदा रोगी." सत्तेचाळीस हजार पुरुषांचा अभ्यास व्हायच्या कितीतरी आधी हा निकाल लागलेला होता.

सुटीला नात आली होती, चौथीतली. बापाकडून मटार आणि माझ्याकडून वाटाणा ऐकून तिच्या वहीत दोन्ही वेगवेगळ्या भाज्या आहेत. ती परसात गेली. तिथं काट्याच्या कुंपणाला मी हौसेनं वाटाण्याचे चार वेल चढवले होते, त्यातल्या काही शेंगा तोडायच्या राहून वेलावरच वाळून खडखडत होत्या. त्यातले दाणे तिनं ओंजळीत आणले. "आजोबा, हे खराब झालेत. सगळे सुरकुतलेत." मी तिला वाण्याकडचे वाळके वाटाणे दाखवले: गोल, गुळगुळीत. हे का असे नि ते का तसे?

आता मास्तराला अशी संधी मिळाली की अंगठा दुखायचा राहतो. मी तिला मेंडेलची गोष्ट सांगितली. आता जो चेक देश आहे तिथल्या ब्रनो गावच्या मठातला हा साधू. मास्तरकीच्या परीक्षेत दोनदा नापास झालेला. १८५६ ते १८६३ अशी आठ वर्षं त्यानं मठाच्या बागेत वाटाण्याची अठ्ठावीस हजारांच्या आसपास झाडं वाढवली. गोल आणि सुरकुतलेल्या जातींचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सगळे गोल. सुरकुत्या गेल्या कुठं? पुढच्या पिढीत त्या परत आल्या. बसून मोजले त्यानं: ७,३२४ दाणे, त्यातले ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले. साधारण तीनास एक. आजीचं नाक आईला न मिळता नातीला का मिळतं, याचं उत्तर त्या हिशोबात होतं. १८६५ मध्ये त्यानं हे गावातल्या विज्ञानमंडळासमोर वाचलं, पुढच्या वर्षी छापलं, विद्वानांना प्रती पाठवल्या.

"मग?"

"मग काय. वाटाण्याच्या अक्षता." १८८४ साली तो गेला तोवर कुणी फारशी दखल घेतली नाही. १९०० मध्ये तिघा शास्त्रज्ञांना तेच नियम नव्यानं सापडले, तेव्हा जगाला त्याची आठवण झाली. जगाच्या इतिहासात या म्हणीचा इतका नेमका मानकरी दुसरा झाला नसेल, आणि बिचाऱ्याला मराठी येत नव्हतं.

सुरकुत्यांचं कोडं तर त्याच्यानंतर शतकभरानं, १९९० मध्ये सुटलं. दाण्यातल्या साखरेचं पिष्ट करणारं एक विकर सुरकुतलेल्या जातीत बिघडलेलं असतं. त्यामुळं साखर शिल्लक राहते, साखर पाणी धरून ठेवते, दाणा हिरवा असताना फुगतो आणि वाळताना तेवढाच आकसतो. म्हणून खायला गोड वाटाणा हवा असेल तर बी सुरकुतलेलं घ्यावं. आपल्याकडं गाजलेली अर्केल जात तशीच. गुळगुळीत तो दिसायला चांगला, रगड्याला चांगला. मी हे सांगताना ही मागून जात होती. "म्हणजे सुरकुतलेलं तेवढं गोड म्हणायचं तर!" म्हणाली आणि माझ्या कपाळाकडं अशी बघून गेली, की हा टोमणा होता का कौतुक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण नातीचं लक्ष वेगळीकडंच होतं. तिला ती म्हण खरी आहे का ते बघायचं होतं. देवघरातून कुंकवाचा करंडा आला, वाटीत पाणी आलं. मला खुर्चीत बसवलं, पाय स्टुलावर, स्टुलावर मटारची पिशवी. वहीत तिनं पट्टीनं दोन रकाने आखले: 'गोल' आणि 'सुरकुती'. कपाळावर ओल्या कुंकवाचा रुपयाएवढा टिळा लावला.

"हलायचं नाही, आजोबा."

पहिला गोल दाणा टेकवला. नाकावरून ओघळून शर्टाच्या खिशात गेला. दुसरा भुवईपाशी अडखळला आणि खाली. दहाच्या दहा गोल दाणे गेले. कोंबडीनं दोन उचलले, बाकीचे ओसरीच्या उतारानं थेट अंगणात. तिनं लिहिलं, 'गोल – ०'. मग सुरकुतलेले. पहिला पडला. दुसरा पडला. तिसरा तिनं जरा दाबून, माझ्या कपाळावरच्या दोन आठ्यांच्या बरोबर मधे बसवला आणि हळूच बोट काढून घेतलं.

राहिला.

"हसू नका ना!" ती ओरडली. मी श्वास धरला. आतून हिची हाक आली, भाकऱ्या निवतायत, पानं घेतलीयत. नातीनं पेन्सिल ओली केली, 'सुरकुती' खाली एक रेघ ओढली, आणि मला म्हणाली, आजोबा, अजून सात राहिलेत, तुम्ही तसेच थांबा.